कपाटात फोन कोंडले, तरी घर बोलेना

प्रश्न (थोडक्यात): आम्ही निलंगा तालुक्यातले शेतकरी. घरात आई, मी, बायको आणि सातवीतला मुलगा. मुलगी लातूरला नीटच्या तयारीला, होस्टेलवर. धाकटा भाऊ पुण्याला, बहीण सोलापूरला दिलेली. दिवाळीनंतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेताच्या हिश्शावरून जुंपली आणि भावानं बहिणीला ग्रुपमधून काढलं. बायको स्टेटसला टोमणे ठेवते. पोरगा जेवताना मान वर करत नाही. आई साध्या फोनवाली, ती म्हणते, "घरात माणसं हाईत का भुतं?" मागच्या आठवड्यात मी सगळ्यांचे फोन कपाटात टाकून कुलूप लावलं, तर दोन दिवस कुणी माझ्याशीच बोललं नाही. सोशल मीडियानं आमच्या घराची वाट लावली का? फोन बंदच करावेत का?

उत्तर:

भाऊ, आधी कपाटाची किल्ली परत द्या. दिली असेल तर उत्तमच. बावीस वर्षं मी लातूर-धाराशिव पट्ट्यात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. कपाट, ट्रंक, देवघरातला कोनाडा, एकदा तर ज्वारीची कणगी, इतक्या ठिकाणी कोंडलेले मोबाईल मी ऐकलेत आणि पाहिलेत. दोन-तीन दिवसांच्या वर एकही कोंडलेला राहिला नाही. घरातल्या एकानं बाकीच्यांचे फोन काढून घेतले की भांडण फोनवरून उठतं आणि "मग तुमचा का नाही ठेवला?" इथं जाऊन बसतं. तुमचा होता का हो कपाटात? तुम्ही ते लिहिलेलं नाही.

आता वाट लागण्याचं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि वर्ष-दोन वर्षांत आपल्याकडं गल्लोगल्ली व्हॉट्सअ‍ॅप पोचलं. त्याच्या आधीही माझ्यासमोर जोडपी बसत होतीच. तेव्हाही तक्रारी ह्याच होत्या: सासू, माहेर, पैसा, दारू, वाटणी. फोननं एकही नवीन तक्रार जन्माला घातली असं मला वाटत नाही. त्यानं ती ऐकणारी माणसं बदलली. चुलीपाशी भांडं आदळलं तर पूर्वी घरातल्यांनाच ऐकू जायचं, फार तर शेजारणीला. आता तेच भांडं दीडशे जण बघतात, आणि कुणी किती वाजता बघितलं तेही दिसतं. ज्याला बोलायचं त्याला सोडून सगळ्यांना सांगायची सोय झाली. तुमच्या घरात नेमकं हेच चाललंय, म्हणून फोन किती तास वापरता ह्या हिशोबात मी फार शिरणार नाही.

स्टेटसपासून सुरुवात करू, कारण तिथं तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज असण्याची शक्यता आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे २४ तासांचं स्टेटस २०१७ च्या फेब्रुवारीत आलं. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं एक जोडपं आलं होतं. (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगते.) खुर्चीत बसायच्या आधीच नवऱ्यानं फोन पुढं केला, "मॅडम, हे बघा, सहा महिने हेच चाललंय." काळ्या पाटीवर लाल गुलाब, खाली ओळ: ज्यांच्यासाठी झिजले त्यांनाच किंमत नाही. मी तिला विचारलं, हे कुणासाठी? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कुणासाठी न्हाई. आवडलं म्हणून ठिवलं."

मी म्हटलं, बरं. ह्यातला गुलाब काढू. "ज्यांच्यासाठी" पण काढू. तिथं नाव घाला आणि त्यांच्याकडं बघून म्हणा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या डोहाळजेवणाला मी एकटीनं दीडशे पोळ्या लाटल्या. आन् तुम्ही पंगतीत सगळ्यांदेखत म्हणलात, आमटी खारट झालीय."

नवरा गप्प. मग म्हणाला, "मला वाटलं तू जमिनीचं बोललीस."

सहा महिने तो माणूस जमिनीच्या बोलण्याला उत्तर देत होता आणि ती आमटीचं बोलत होती. दरम्यान सासूनं ते स्टेटस स्वतःवर घेतलं होतं, जावेनं स्वतःवर. टोमणा तोंडानं मारला तर निदान मारणाऱ्याची नजर कुणीकडं आहे ते कळतं. स्टेटसला नजर नसते. ज्याच्या मनात चोर त्याच्या घरी ते पोचतं.

तेव्हा तुमच्या बायकोला "हे कुणासाठी ठेवलंस?" असं पोलिसासारखं विचारू नका, आणि ते काढायला तर मुळीच लावू नका. तिला घरात बोलायला जागा मिळाली नाही म्हणून ती तिकडं गेली, तिथूनही हाकललंत तर ती मैत्रिणींच्या ग्रुपवर जाईल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. संध्याकाळी तुम्ही दोघंच असाल तेव्हा विचारा, "माझं काय चुकलं ते तोंडावर सांग, मी मधी बोलणार न्हाई." आणि खरंच मधी बोलू नका. पुरुषमाणसं इथं हमखास घसरतात. दुसऱ्याच वाक्याला "पण तू पण..." सुरू होतं. तिनं पाच मिनिटं बोलल्यावर तुम्हाला फक्त एक करायचंय: ती काय म्हणाली ते तुमच्या शब्दांत परत सांगायचं आणि बरोबर आहे का विचारायचं. सोपं वाटतंय? करून बघा.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. तिचा फोन तिच्या माघारी उघडून बघायचा नाही. "रात्री पावणेबाराला ऑनलाइन होतीस, कुणाशी बोलत होतीस?" असा जाब मागण्यापासून सुरुवात झालेली आणि मारहाणीपर्यंत गेलेली घरं मी पाहिली आहेत. तुमच्या घराचं हे चाललंय असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्या कुणा बाईवर अशी वेळ असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, शिवीगाळ आणि मानसिक छळही त्यात येतो.

आता ग्रुप. तुमच्या प्रश्नातलं खरं गळू हे आहे.

ओसरीवर बैठक बसली आणि कुणाचा आवाज चढला, तर पूर्वी काय व्हायचं? एखादे मामा खाकरायचे. आतून चहा यायचा. कुणीतरी "आरं, पान्याचं बघा आधी" म्हणून विषय मोडायचं. त्या खाकरण्याला फार किंमत होती. ग्रुपवर कुणी खाकरत नाही. तिघं एकदम टाइप करतात, पहिल्याचं वाचून व्हायच्या आत दुसऱ्याचं उत्तर येऊन पडतं, आणि बाकीचे सातजण वाचून गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ बहिणीनं असा लावला असणार की सगळे भावाच्या बाजूचे. भावानंही बहुतेक तोच लावला. प्रत्यक्षात त्यातले दोघं रानात होते, एकाला काय लिहावं सुचलं नाही, आणि एकानं चुकून अंगठा दाबला. तो अंगठा नेमका कुठल्या मेसेजला होता ह्यावरून झालेलं भांडण मी एका घरात दोन बैठका मिटवत होते. हसू नका, खरं आहे.

मग ती ओळ. कुणाला ग्रुपमधून काढलं की सगळ्यांच्या फोनवर बारीक अक्षरात येतं की अमक्यानं तमक्याला काढलं. भावाच्या लेखी ते एक बटण होतं, रागाच्या भरात दाबलं. बहिणीच्या लेखी ते काय आहे, विचार करा. माहेरच्या घराचं नाव असलेल्या ग्रुपमधून, हिश्शाचं बोलत असताना, सगळ्या चुलत-मावस भावंडांदेखत बाहेर. उंबऱ्यातून हात धरून काढल्यासारखं. मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणि हिश्शाचं म्हणाल तर ती भीक मागत नाहीये. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क आहे. वडील त्या दुरुस्तीच्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. जुन्या नोंदणीकृत वाटण्यांचा प्रश्न वेगळा, तुमच्या कागदांत काय आहे ते वकिलाला दाखवा. शेतजमिनीची वाटणी तहसीलदारापुढं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते, तिथं सगळ्या सहधारकांची नावं आणि संमती लागते. ग्रुपवर कोण काय म्हणालं ह्यानं सातबाऱ्यावर काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे ज्यातून काहीच मिळणार नव्हतं अशा ठिकाणी तुम्ही भावंडं नातं खर्चून बसलात.

माझ्याकडं येणाऱ्या घरांना मी एकच पथ्य सांगते: पैसा, वाटणी, दवाखान्याचा निर्णय आणि सोयरीक, ह्या चार गोष्टी ग्रुपवर काढायच्या नाहीत. कुणी काढलीच तर पहिल्यानं वाचणाऱ्यानं "फोन करतो" एवढंच लिहायचं आणि खरंच करायचा. वाढदिवस, पावसाचे फोटो, "आज सोयाबीनला काय भाव लागला", ह्याला ग्रुप फार छान आहे. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनी तर कुणाचं वाईट झालेलं मला ठाऊक नाही. काही म्हाताऱ्या माणसांचं तेवढंच "मी हाय बरं का" असतं.

फोन म्हणजे सगळं वाईटच असं म्हणणाऱ्यांना मी धारूरकडच्या एका आजीची गोष्ट सांगते. दसरा-दिवाळीनंतर लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत, दोन नातवंडं आजीकडं. अशी घरं बीड जिल्ह्यात गावोगाव आहेत. रोज रात्री फडावरच्या कोपीतून व्हिडिओ कॉल येतो. आजीला फोन कसा धरायचा ते अजून जमलेलं नाही, ती कानाला लावते, त्यामुळं पलीकडच्या आईबापाला अर्धा वेळ आजीचा कानच दिसतो. नात ओरडते, "म्हातारे, तोंडासमोर धर की!" मग स्वतःचा पडलेला दात कॅमेऱ्याला चिकटवून दाखवते. कारखान्याच्या पट्ट्यात गेलेल्या आईबापाला लेकराचा आवाज ऐकायलाही पूर्वी आठवडे लागायचे. त्या घरातून मी फोन काढून घ्यायला सांगू? तिथं फोन जे करतो ते तुमच्या घरात करत नाही, कारण तिथं बोलणारा आणि ऐकणारा ठरलेला आहे.

आता आई म्हणतात ते भुतांचं. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी खेळत असते. मग सांगितल्याप्रमाणं ती चेहरा अगदी निर्विकार करते, बाळाकडं बघते पण काहीच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हातवारे करतं, किंचाळतं, मग तोंड फिरवतं आणि रडायला लागतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. फोनमध्ये बघत "हं" म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा त्या आईसारखाच असतो. तुम्ही घरात असता, डोळे उघडे असतात, आवाजही येतो, पण चेहऱ्यावर समोरच्याच्या बोलण्याचं काही उमटत नाही. तुमच्या आई रडत नाहीत, त्या "भुतं" म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

आणि हे "हं" लांबत जातं ह्यात सगळा दोष तुमच्या निश्चयाचा नाही. पेपर वाचून संपायचा, मालिका अर्ध्या तासानं संपायची. अझा रास्किन ह्या अमेरिकी डिझायनरनं २००६ मध्ये खाली सरकवत राहिलं तरी पान न संपण्याची युक्ती काढली, आणि पुढं त्यानं स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. रील संपतच नाही. "पाच मिनिटांत आलो" म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला पाच मिनिटं कुठं संपली ते कळत नाही.

त्यासाठी तुमच्या घरात मी एवढंच करीन. चार्जर सगळे बाहेरच्या खोलीत एका जागी. रात्रीचं जेवण, फक्त तेवढं एक, फोन तिथं लावून. पहिला फोन तुमचा. शेताची लाईट रात्री येते, मोटारीचा फोन येऊ शकतो, हे मला माहीत आहे. रिंग चालू ठेवा, वाजली तर उठा, बोला, परत येऊन बसा. आईंचं ताट तुमच्या शेजारी. पहिले चार-पाच दिवस कुणी काही बोलणार नाही, नुसता भाकरी मोडल्याचा आवाज येईल. ते चालू द्या. "आता बोला की" असं म्हणालात की खेळ खलास.

मुलाचं: त्याला "बंद कर" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, काय बघतोस, मला दाखव. नाक मुरडू नका. एका बापाला असं करताना कळलं की त्याचं पोरगं तासन् तास जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलतानाचे व्हिडिओ बघतंय. मग रविवारी दोघं मिळून फवारणीचा पंप खोलून बसले. नीट जोडता आला नाही तो भाग वेगळा. घरात अजून लहान लेकरं येत असतील, भाच्या-पुतण्या, तर घास भरवायला हातात मोबाईल देऊ नका. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला तीच खटकली. रोज फोन होतो का? झाला तर पहिला प्रश्न काय असतो? लातुरात शिकवण्यांच्या भागातल्या पोरींकडून मी जे ऐकते त्यावरून सांगते, बहुतेक घरचे फोन "टेस्टला किती पडले?" इथं सुरू होतात आणि "बरं, अभ्यास कर" इथं संपतात. ७२० पैकीचा आकडा कळतो, पोरगी कळत नाही. मग ती इन्स्टाग्रामवर दुसरं, लपवलेलं खातं काढते आणि पोट दुखतंय, रडू येतंय, मेसची भाजी आंबलेली होती, हे सगळं तिथं चौदा मैत्रिणींना सांगते. ते खातं शोधत बसू नका. आठवड्यातून दोनदा मार्कांचा म सुद्धा न काढता फोन करा. सुरुवातीला तिला संशय येईल, "काय झालं, आज्जी बरी आहे ना?" असं विचारेल. येऊ द्या.

आणि तिला आत्ताच, काही झालेलं नसताना, एक वाक्य सांगून ठेवा: "फोनवर कुणी त्रास दिला, फोटोवरून धमकी दिली, तर पहिला फोन मला कर, मी ओरडणार नाही." पोरी गप्प बसतात त्या धमकी देणाऱ्यापेक्षा बापाच्या ओरडण्याला भिऊन. तसं कधी झालंच तर मेसेज पुसायचे नाहीत, पैसे पाठवायचे नाहीत. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८, आणि मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६.

राहिली बहीण. येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, जवळ आलीय. रानात कडब्याची कोप घालाल, भज्जी, उंडे, आंबील होईल, गावाबाहेरची माणसं जेवायला येतील. तिला ह्या वर्षी बोलावणं कुणी करणार? ग्रुपवर आमंत्रणाची पत्रिका टाकून भागणार नाही, ती ग्रुपवर नाहीच. तुम्ही स्वतः फोन करा, दाजींना नाही, तिला. हिश्शाचा विषय काढू नका, भावाची बाजू मांडू नका, "झालं गेलं विसर" तर अजिबात म्हणू नका, ते ज्याला लागलं त्यानं म्हणायचं असतं. नुसतं म्हणा, "आक्का, तुला काढलं तवा मी बघितलं आणि गप बसलो. ते माझं चुकलं. येळवसला ये, आई वाट बघलालीय." ती लगेच हो म्हणणार नाही. कदाचित फोन ठेवून देईल. दोन दिवसांनी आईंना त्यांच्या साध्या फोनवरून करायला लावा.

भावाशी बोलणं त्यानंतर, समोरासमोर, तो गावी येईल तेव्हा. आणि तिला ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई करू नका. आधी तिलाच विचारा, यायचंय का. "नको, फोनवरच बोलू" म्हणाली तर तिचं बरोबर आहे असं समजा.